पेट्रोलच्या काट्यावरचं बोट

पैज लागली मिशीवर. चकाचकच्या मिशीवर.

"अर्धी उडवीन," सलूनवाला म्हणाला. "भर रस्त्यात, खुर्ची मांडून. अर्धीच. पूर्ण काढली तर लोक म्हणतील, फॅशन केली."

"आणि मी जिंकलो तर तुझं टक्कल मी पॉलिश करणार. त्याच खुर्चीत. वॅक्ससकट!"

गल्ली खिदळली. गाड्या आतून पुसून चकचकीत करणं हा चकाचकचा धंदा, आणि त्याची बढाई गल्लीला पाठ होती : माझ्या हातून न जाणारा डाग अजून जन्माला यायचाय. पण समोरच्या वहिनींच्या गाडीतला डाग निराळा, असं सलूनवाल्याचं म्हणणं. मीटरवरच्या प्लास्टिकवर, पेट्रोलच्या काट्यापाशी, एक बोट उमटलेलं. वहिनी पुसतात, ते परत येतं. गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही रुमालानं पुसतं, चावी फिरवेपर्यंत बोट पुन्हा हजर. मग गिऱ्हाइकाला एकदम आठवतं की बायकोला विचारायचं राहिलं.

संध्याकाळी आणखी एकजण येणार होता.

"हा शेवटचा," चावी देताना वहिनी म्हणाल्या. "हाही पळाला तर विकायचं नावच सोडते. ह्यांची सवय होती हो. गाडी सुरू करायच्या आधी तिथं बोटानं टकटक करायचे. काटा अडकतो म्हणायचे. कधी अडकला नाही तो."

"म्हणजे जुना घाम आहे, वहिनी. फार चिवट. माणूस जातो, पण..." चकाचकनं जीभ चावली आणि गाडीत शिरला.

मस्करीत त्याचा हात कोणी धरला नसता, पण काम तो मस्करीत करत नसे. मीटरचं प्लास्टिक दिसतं काचेसारखं, पण त्याच्या अंगावर पातळ कोटिंग असतं, उन्हात डोळे दिपू नयेत म्हणून. त्याला स्पिरिट चालत नाही. कोरडं फडकं चालत नाही. गोल गोल घासणं तर मुळीच नाही. चकाचकनं मऊ ब्रशनं धूळ उडवली. पाणी फडक्यावर शिंपडलं, प्लास्टिकवर नाही. मग एकाच दिशेनं हात फिरवला, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसा.

बोट गेलं. पहिल्याच फटक्यात.

"वस्तरा ठेव खाली!" तो खिडकीतून ओरडला. मान वळवून बघतो, तर बोट जागेवर.

त्याला हसू आलं. लोकांच्या सीटखाली रबरी पाली ठेवण्यात ज्याची हयात गेली, त्याला दुसऱ्याची चाल कळायला वेळ लागत नाही. सलूनवाल्यानं काहीतरी फासलंय. क्रीम, नाहीतर तेल. त्यानं वाकून वास घेतला.

लवंग.

वहिनींच्या नवऱ्याच्या गालात कायम एक लवंग असायची.

चकाचकनं चावी फिरवून बटणानं सगळ्या काचा वर घेतल्या, दारं लॉक केली. पुन्हा पुसलं. या वेळी नजर हलवली नाही.

आधी प्लास्टिक धुरकटलं. कोणी अगदी जवळून श्वास सोडावा तसं. चकाचकनं स्वतःचा श्वास रोखला. धुरकं वाढतच गेलं. मग आवाज आला, टक टक, आणि धुरक्यात एक गोल उमटला. गोलात बारीक रेघा. तो ज्या सीटवर बसला होता, त्याच सीटवरून कोणीतरी हात पुढं केला होता. चकाचकचा खांदा आतून गार पडला.

तरी मिशी ती मिशी. पेटीत घासायच्या पेस्टची डबी होती, बाहेरच्या पत्र्यासाठीची. ती मीटरवर चोळली की कोटिंग सोलून निघतं, प्लास्टिक आंधळं होतं. आंधळ्या प्लास्टिकवर बोट उमटलं काय नि न उमटलं काय, दिसतंय कोणाला? पैज खिशात, गाडी विकली, मिशी शाबूत. असली लबाडी त्याला शिकवावी लागत नसे. त्यानं फडक्यावर पेस्ट घेतली, फडकं मीटरपाशी नेलं.

टक टक.

प्लास्टिकवर नाही. त्याच्या मनगटावर. हलकेच, काटा अडकलाय का बघावं तशी.

चकाचकनं फडकं मागं घेतलं. मग डबी बंद केली, चालवणाऱ्याच्या बाजूची काच पूर्ण खाली घेतली, चावी खिशात टाकली आणि उतरला.

"गेला डाग?" वहिनींनी विचारलं.

"नाही वहिनी. याच्यापुढं गेलो तर कोटिंग जाईल. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

वहिनींनी त्याच्याकडं नीट बघितलं. मग फोन काढला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "येऊ नका."

खुर्ची रस्त्यात आली. खिडक्या माणसांनी भरल्या, कोणीतरी शिट्टी मारली, कोणी ताट बडवलं. सलूनवाल्यानं फेस लावता लावता कानाशी विचारलं, "एवढा पांढरा का पडलास रे? मिशी जातेय, जीव नाही."

"तू वस्तरा चालव, गप."

अर्धी मिशी मांडीवर पडली आणि गल्लीनं एकच गिल्ला केला.

त्या गोंधळात वहिनी गाडीत जाऊन बसल्या. शेजारच्या सीटवर, चालवायला त्या कधी शिकल्याच नव्हत्या. पट्टा लावला, केस सारखे केले.

"अहो," त्या म्हणाल्या, "तेवढी काच वर घ्या. किती ओरडताहेत लोक."

चावी अजून चकाचकच्या खिशात होती. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला.

चालवणाऱ्याच्या बाजूची काच हळूहळू वर गेली.