खडान् खडा

पातळ सोलचे नवे बूट घालून ऋजुता रोज कॉलेजआधी टेकडीवर पळायची. अनवाणी पळाल्यासारखा पायाखालचा खडान् खडा जाणवायचा आणि तिला आपोआप हसू फुटायचं. मग बुटांचा फोटो काढून ती शाल्मलीला पाठवायची. शाल्मली तिची पळण्यातली जोडीदार. अपघातात कमरेखाली लुळी पडलेली. "तुझ्या वाटचंही पळते गं," असं ऋजुता खाली लिहायची.

रविवारी ती भेटायला गेली, तर शाल्मलीच्या आईनं तिला दारातच थांबवलं.

"फोटो पाठवू नकोस, बाळा. तो पाहिला की ती तळपायांत टाचणी खुपसते. काही जाणवतंय का, बघते. काल चादरीला रक्त लागलं होतं. आता मोबाइलच लपवलाय मी."

ऋजुता वळली. तेवढ्यात आतून शाल्मलीचा आवाज आला, "आई, ऋजुताचा फोटो आला असेल. दे ना मोबाइल."