राखणीचा भुऱ्या

कुत्र्यांना टोचायची रेबीजची लस घेऊन गुरांच्या दवाखान्यातला झहूर शिरवणे गावात दारोदार फिरला, पण पाळलेला कुत्रा कुणीच पुढे केला नाही. "झहूरभाय, आमचा भुऱ्या राखनीचा हाय. सुई टोचली का कुत्रा भुकायचा बंद होतो," म्हणत वेणूबाईनं तर भुऱ्याला आतल्या खोलीत कोंडून वर कडी लावली.

गावभर उंडारणारी बेवारशी कुत्री मात्र लोकांनी हौसेनं धरून दिली. समजावून समजावून झहूरचा घसा बसला होता. निदान एवढी तरी, असं म्हणत त्यानं त्यांना टोचलं आणि खूण म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढला.

पुढच्याच महिन्यात शिरवण्यात पिसाळलेला कुत्रा शिरल्याची बातमी आली. झहूर पुन्हा सायकल हाणत निघाला. वेशीवरच त्याला ती लाल पट्ट्यांची कुत्री भेटली, मार खाऊन लंगडणारी. काय समजायचं ते तो समजला.

वेणूबाई ओटीवर सुकी मासळी निवडत निवांत बसली होती.

"उगा धावलास, झहूरभाय. बाहेरची सगली कुत्री आमी झोडपून हाकलली. आता भ्याव नाय."

झहूरनं सायकल भिंतीला टेकवली आणि भुऱ्या कुठं दिसतो का ते पाहू लागला.



"आनि त्या पिसाललेल्याला तर आमच्या भुऱ्यानंच पिटालला. कानाला जरा चावा बसलाय त्याच्या, हलद लावून नातवाजवल निजवलाय."