बस!

तिसऱ्या प्रश्नालाही ड्रायव्हरबाईंनी नकारार्थी मान हलवली. परीक्षकांनी कागदावर आणखी एक फुली मारली.

बावीस वर्षं बस चालवून बाईंचा गुडघा कामातून गेला होता. क्लचवर पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता डेपोच्या कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटरपुढची खुर्ची मिळाली तर नोकरी, नाहीतर घर. आणि त्या खुर्चीच्या वाटेत ही तोंडी परीक्षा आडवी आली होती.

टेबलावर एक कॉम्प्युटर उघडून ठेवला होता. आतल्या हिरव्या मदरबोर्डवर बारीक रेषा शेजारी शेजारी धावत होत्या. परीक्षकांनी त्यांवर पेन टेकवलं. "ह्यांना काय म्हणतात?"

"नाही माहीत, साहेब."

"बस."

संपलं! बाई पर्स उचलून उठल्या.

"अहो, बसा! ह्यांचं नाव बस आहे. बस!"

"आमची बस?" बाई धपकन खाली बसल्या आणि टेबलावर वाकल्या. "थांबा, सांगू नका! म्हणजे सगळ्यांना मिळून हा एकच रूट. माहिती इथे चढणार, तिकडे उतरणार. प्रत्येकाची वेगळी गाडी काढली, तर एवढ्याशा जागेत सगळंच तुंबेल की!"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "आणि कुठे उतरायचं, हे कसं कळतं?"

"कसं म्हणजे? पत्ता नको का?"

"असतो! आणि त्याला पत्ताच म्हणतात!" परीक्षकांचा आवाज चढला. "बाई, हे नाव मुळात तुमच्याच गाडीचं. गाडीला घोडे जुंपायचे तेव्हापासूनचं. ‘ऑम्निबस’. लॅटिन शब्द आहे. सगळ्यांसाठी! बोलून बोलून डोकं झिजलं, ‘बस’ हे शेपूट तेवढं उरलं. ते आधी वीजवाल्यांनी उचललं, मग आम्ही कॉम्प्युटरवाल्यांनी."

बाईंनी रेषांवर बोट टेकवलं. "सगळ्यांसाठी," त्या पुटपुटल्या. "आणि मला कुणी सांगितलंही नाही इतकी वर्षं!"

परीक्षकांनी फुल्यांखाली ‘उत्तीर्ण’ लिहिलं, सही ठोकली. "ह्या फुल्यांचं आम्ही शिकवू. बाकी तुम्हाला येतंय."

बाईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं बोट रेषांवरून सरकत होतं. "ही बघा, बाकीच्यांना सोडून एकटीच वळली. ही कुठे चालली?"

परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. "खरंच की. चला, बघू."

पुढच्या उमेदवाराने दार ढकललं, दोनदा घसा खाकरला. आतली दोन डोकी काही वर झाली नाहीत.