सहाव्या मजल्यावरची लिफ्ट

“अहो, दार लावा वरचं!” कर्नलनी जाळीला तोंड लावून पुन्हा हाक मारली. वरून उत्तर आलं नाही. लिफ्टही आली नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. बसमध्ये उभं राहून कंबरेचा काटा ढिला झालेला, आणि घराच्या पायथ्याशी येऊन हे असं ताटकळायचं. लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीच्या दाराची. दार नीट ओढून घेतलं नाही, तर ती जागची हलत नसे. कुणीतरी वर दार अर्धवट टाकून चालतं होई आणि खाली अख्खी बिल्डिंग खोळंबून राही. हे गेले कित्येक दिवस चाललं होतं, तेही नेमकं माणसं घरी परतायच्या वेळी.

कर्नल कधी सैन्यात नव्हते. ते बिस्किटांच्या कंपनीतून निवृत्त झाले होते; नाव पडलं ते आवाजामुळे. त्याच आवाजात ते म्हणाले, “तुम्ही सभेत शब्द दिला होतात, सेक्रेटरी. चोर पकडीन, त्याचं नाव फळ्यावर लिहीन. फळा अजून कोराच आहे!”

सेक्रेटरींना ते झोंबलं. हे पद त्यांनी मागितलं नव्हतं, दुसरं कुणी तयार होईना म्हणून गळ्यात पडलं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी कुणी ना कुणी तक्रार घेऊन त्यांच्या बाहेरच्या खोलीत ठाण मांडायचं. लिफ्ट, लिफ्ट आणि लिफ्ट. वर त्यांना चहा पाजायचा. एकदा हा चोर सापडला की माणसं यायची थांबतील आणि आपल्याच घरात जरा पाय पसरून बसता येईल, एवढीच त्यांची आशा होती.

“आज हाक मारू नका,” ते हळूच म्हणाले. “हाका ऐकूनच तो सावध होतो. मी जिन्यानं जातो.” त्यांनी बूट काढून हातात घेतले. सेक्रेटरीवर ही वेळ यावी, हे पाहून कर्नलना मनातून बरं वाटलं असावं.

पहिल्या मजल्यावर कांदा परतल्याचा वास होता. तिसऱ्यावर कुणीतरी पोराला गणितावरून फैलावर घेत होतं. चौथ्यावर त्यांचं स्वतःचं घर. दार उघडंच होतं. आत दोन सभासद आधीच येऊन बसले होते, आईंचा टीव्ही जोरात लागला होता, आणि त्या गोंगाटावर मात करायला मुलगा ओरडून पाठांतर करत होता. सेक्रेटरींनी श्वास रोखला आणि ते स्वतःच्याच दारावरून चोरपावलांनी पुढे सटकले.

पाचव्यावर लिफ्ट नव्हती. सहाव्यावरची दोन्ही घरं कायम कुलपात, तिथं कोण मरायला जाईल, म्हणून आजवर त्यांनी तो मजला हिशेबात धरलाच नव्हता. आज ते धापा टाकत वर पोचले.

लिफ्ट तिथं होती. दार वीतभर उघडं. जुन्या लिफ्टमनचं स्टूल अजून आतच असे, आणि त्या स्टुलावर त्यांची बायको बसली होती. चपला काढलेल्या, डोकं मागच्या लाकडाला टेकलेलं. हातात फोन नाही, पुस्तक नाही. ती काहीच करत नव्हती.

“अगं, तू? रोज तूच?”

तिनं डोळे उघडले. दचकली नाही. दचकायलाही अंगात जीव लागतो. दिवसभर ती हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसायची, आणि जो येईल तो तिलाच काहीतरी विचारायचा.

“बसा म्हणाले असते,” ती म्हणाली, “पण स्टूल एकच आहे.”

“खाली सगळे माझ्या नावानं खडे फोडतायत! बसायचंच होतं, तर घरात बसायचं.”

“घरात? कुठं बसू, सांगा ना. बाहेर तुमची माणसं, आत आईंचा टीव्ही, स्वयंपाकघरात याचं पाठांतर. मोरीत शिरले तरी बाहेरून हाक येते, अगं, किती वेळ?” ती जराशी हसली. “इथंही हाका ऐकू येतात. पण त्या माझ्या नावानं नसतात हो.”

सेक्रेटरींनी मनातल्या मनात घरभर फिरून तिच्यासाठी एक कोपरा शोधला. सापडला नाही. इतकी वर्षं एका घरात राहून हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही? त्यांना चिडायचं होतं, पण चिडताच येईना. वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्या स्टुलाचा हेवाही वाटला.

ती पायानं चपला चाचपू लागली. “चला. तुमच्या माणसांचा चहा राहिलाय. आणि फळ्यावर नाव नीट लिहा माझं.”

“सेक्रेटरी!” खालून कर्नलचा आवाज जिनाभर घुमला. “सापडला का चोर?”

“बस तू,” सेक्रेटरी बायकोला म्हणाले. “चहाचं मी बघतो.”

मग ते कठड्यावरून वाकले आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडले, “चोरबीर कुणी नाही हो! लिफ्टच बिघडलीय! आता रोज संध्याकाळी थोडा वेळ बिघडत जाईल ती!”