अण्णांची बिनआवाजाची गाडी

तलवाड्याचे पुढारी बद्रीनाथअण्णा यांची जुनी डिझेल जीप फाट्यावर खडखडली, की चहाच्या हॉटेलातली माणसं धडाधड उठून उभी राहायची. पण लेक वैष्णवी हट्टालाच पेटली. "अण्णा, इलेक्ट्रिक गाडी घ्या. धूर न्हाई, आवाज न्हाई, अन् इंजिनच न्हाई तर बिघडायचं काय? लई वर्षं टिकती."

नवी गाडी घेऊन अण्णा ऐटीत हॉटेलापुढं थांबले, तर कुणाला पत्ताच नाही! बाकड्यावर पाठमोरा बसलेला गावातला टवाळखोर हनुमान त्यांच्याच भाषणाची नक्कल करत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते.

अण्णा तसेच घरी आले. "गाडी टिकंल गं पोरी, पण आपला मान कसा टिकायचा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. गाव जागं करायला पुढं धूर ओकत जुनी जीप, ती चालवायला शिक्षा म्हणून हनुमान, आणि मागं बिनआवाजाच्या गाडीत स्वतः अण्णा.


आता जीप दिसली की लोक धडाधड उठून हनुमानाला रामराम घालतात, अन् अण्णा पोचेपर्यंत पुन्हा खाली बसलेले असतात.