चौथा बो

गोटीच्या आईनं रिबिनीचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेलं. कड जराशी वितळून बंद झाली, तसं पटकन मागे घेतलं. मग दोन घड्या, मधे चिमटा, चार टाके. टाक्यांवर बारीक पट्टी गुंडाळून मागे क्लिप शिवली. झाला बो. तो डब्यात टाकून तिनं पुढची रिबीन ओढली.

"गोटी, मागे सरक. मेणबत्ती आहे."

"सरकले."

"आणखी मागे."

"आता भिंत आली, आई. भिंत मागे करू?"

खिडकीशी सासूबाईंचं शिलाई मशीन चालू होतं. तिथं बसून त्यांनी अर्ध्या गल्लीचे कपडे शिवले होते आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीनं स्वतः शिवलेले कपडे त्यांनी उसवून पुन्हा शिवले होते. त्यांनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"उद्या सातला निघायचं ना गं?"

"हो. उपाशी यायला सांगितलंय."

"आणि घरी?"

"तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडतील म्हणाले."

पित्ताशयातले खडे काढायचे, एवढंच होतं. डॉक्टर, नवरा, शेजारच्या वहिनी, ज्याला त्याला 'हल्ली त्यात काय' एवढंच म्हणायचं होतं. ती मात्र फोनवर 'क्वचित प्रसंगी' या दोन शब्दांपुढे जे जे लिहिलेलं असतं, ते सगळं वाचून बसली होती.

गोटीला शाळेत जायला रोज वेगळा बो लागायचा. कालचा चालायचा नाही. मग वेणीच घालू द्यायची नाही. म्हणून तर हे काम काढलं होतं.

सासूबाई कात्री न्यायला आल्या आणि डबा बघून थबकल्या. "किती केलेस?"

"असू देत थोडे जास्त."

सासूबाईंनी डबा पलंगावर पालथा केला आणि कापडाचे तुकडे लावावेत तसे बो ओळीनं लावले. सुरुवातीचे गुलाबी, पोपटी, नखाएवढ्या क्लिपांचे. पुढे रुंदी वाढत गेलेली. रंग पोक्त होत गेलेले. शेवटी दोन गडद निळे, त्यांच्या क्लिपा बोटभर लांब. गोटीनं त्यातला एक उचलून केसात खोचला. तो घसरत घसरत कॉलरवर आला.

"आई, हा पडतो."

"आत्ता पडेल. केस दाट झाले की बसेल."

"कधी होतील?"

"होतील. तू मोठ्या शाळेत गेलीस की. दहा-अकरा वर्षांची झालीस की."

सासूबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. सुनेकडे पाहिलं नाही. दुसरा निळा बो उलटा करून त्या बराच वेळ टाके बघत राहिल्या.

"एरवी तुझे टाके म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखे," त्या म्हणाल्या. "हे चांगले घातलेस. हे कितीही वर्षं टिकतील."

सासूबाईंनी मशीनच्या खणातून ब्लेड आणलं, पलंगावर बसल्या आणि एक एक बो उसवायला लागल्या.

"अहो आई, काय करताय?"

"उसवतेय."

"तीन दिवस बसून केलेत मी."

"दिसतंय ना."

क्लिप एकीकडे, रिबीन दुसरीकडे. प्रत्येक रिबिनीवर घड्यांच्या खुणा राहिल्या होत्या. सासूबाई त्या अंगठ्यानं सारख्या करून गुंडाळी करत होत्या. अडवायला म्हणून तिनं हात पुढे केला. सासूबाईंनी त्या हातात गुंडाळ्या ठेवल्या. "हं, धर."

शेवटी तीन छोटे बो उरले, आणि गोटीच्या कॉलरवरचा तो मोठा निळा. सासूबाईंनी तो काढला आणि सरळ स्वतःच्या अंबाड्यात खोचला.

"हा मला बसतो."

गोटी हसून हसून पलंगावर आडवी झाली. तिच्या आईलाही हसू आलं. ते थांबेना, मग भलतीकडेच वळलं. नाक पुसायला काही सापडेना, तेव्हा सासूबाईंनी शिवणातली एक चिंधी पुढे केली.

गोटी उठून बोटं मोजत होती. "उद्याचा एक, परवाचा एक, तेरवाचा एक. आणि चौथ्या दिवशी गं आजी?"

सासूबाईंनी पिवळी गुंडाळी उलगडली. घड्या घातल्या, मधे चिमटा घेतला, दोन टाके घातले आणि थांबल्या. सुई तशीच अडकवून, दोरा लोंबत ठेवून तो अर्धा बो त्यांनी डब्यात ठेवला.

"चौथ्या दिवसाचा तुझी आई पुरा करेल. मी हात लावणार नाही."

तिनं मेणबत्ती विझवली. डब्याकडे पाहिलं. मग तिला राहवेना.

"ती सुई तेवढी काढून ठेवा, आई. गोटीच्या हाताला लागेल."

"लागेलच," सासूबाई मशीनवर बसत म्हणाल्या. "लवकर ये."

मशीन सुरू झालं. त्याच्या धक्क्यांबरोबर त्यांच्या अंबाड्यातला निळा बो थरथरत राहिला.