बारवेचा ठराव

“बारव सरकारला द्यायची न्हाई म्हंजी न्हाई!” पार्वतीबाई भर ग्रामसभेत कडाडली. पुरातत्त्व खात्याच्या ऋतुजा मॅडमच्या हातातला चहा हातातच राहिला.

औशाजवळच्या या गावात ती जुनी बारव म्हणजे पार्वतीबाईचा जीव. सासूनंतर तीच पायऱ्या झाडायची, कोनाड्यातल्या मूर्ती पुसायची, आत थुंकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती, एक सरपंच शेषेराव सोडला तर. तो तिचा चुलत दीर. बांधाच्या भांडणापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता.

शेषेरावाला बारव बुजवून तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. जेसीबीही सांगून झाला होता. त्यात हे खातं आडवं आलं. ग्रामसभेनं ठराव दिला तर बारव खातं जपणार, नाही दिला तर तिच्यावर माती पडणार.

“आमच्याकडे दिलीत तर एक दगड हलणार नाही,” ऋतुजा म्हणाली.

“गप गं पोरी! माझ्या सासूनं हातानं गाळ उपसलाय तिथला. उद्या तुम्ही कुलूप ठोकणार, आन मी काय गजाबाहेरून बघत बसू? त्यापरीस बुजलेली बरी!”

सभेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. बुजलेली बरी? आणि हे पार्वतीबाई म्हणते?

ती शेषेरावाकडे वळली. “भावजी, बोलवा तुमचा जेसीबी. पयली पाटी माती मी टाकते. बघतेच, कोण मायचा लाल माझ्या शब्दाबाहेर ठराव करतोय!”

शेषेरावाची कानशिलं तापली. “लई झालं वैनी! गाव काय तुमच्या बापाचं हाय? ग्रामसेवक, लिवा ठराव. बारव खात्याला दिली!”

“पस्तावाल भावजी!”

“लिवा म्हणलं ना! हात वर करा रे!”

हात वर झाले. सही झाली, शिक्का बसला. शेषेराव मिशीवर ताव देत घरी गेला. पार्वतीबाई पदर खोचून शिव्या घालतच बाहेर पडली.

जीपपाशी ऋतुजानं तिला गाठलं. “मावशी, मला तर वाटलं, तुम्ही खरंच फिरलात.”

पार्वतीबाईनं आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिलं.

“येडी का काय तू? म्हयन्यामागं तुझ्या हापिसात येऊन सांगितलं न्हवतं का? मी ‘न्हाई’ म्हणल्याबिगर हा माणूस ‘हाव’ म्हणत न्हाई.”